हरण्यासाठी टाकलेलं नाणं

पॅक-मॅन आज कुणालाही फुकट खेळता येतो. फोनवर, संगणकावर, टीव्हीला जोडायच्या स्वस्त खेळण्यावर. स्पेस इन्व्हेडर्स, अ‍ॅस्टेरॉइड्स, डाँकी काँग यांचंही तेच. एके काळी ज्यांनी या खेळांपायी खाऊचे पैसे उधळले, त्यांना ते आता हवे तेव्हा, हवे तितके मिळतात. तरी होतं असं, की माणूस मोठ्या हौसेनं खेळ सुरू करतो, दहा मिनिटांत कंटाळतो आणि बंद करून टाकतो. वर म्हणतो, आता ती मजा राहिली नाही. चित्रं तीच, आवाज तोच, भुतांच्या चालीही त्याच. मग कमी काय पडतं?

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या वाटांनी याच प्रश्नाशी येऊन ठेपतात. कुणी पडद्याच्या काचेबद्दल लिहिलं आहे, कुणी आवाजाबद्दल, कुणी पेटीच्या आतल्या चिपांबद्दल. सगळे लेख एकत्र वाचल्यावर माझ्यापुरतं जे उत्तर तयार झालं, ते या प्रस्तावनेत मांडतो. कमी पडतं ते नाणं. आर्केडच्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक खेळांत जिंकायची सोयच नव्हती. मशीन हरवणार हे नाणं टाकतानाच ठरलेलं असायचं. प्रश्न एवढाच, की किती वेळानं, किती गुणांवर आणि कुणाच्या देखत. पैसे मोजून, उभ्यानं, चारचौघांत पत्करलेली ती हार फोनवर मिळत नाही.

पुस्तकाचा मुख्य काळ १९७१ ते १९८३ असा आखला आहे. त्याच्या मागचं थोडं सांगायला हवं. १९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ नावाचा खेळ लिहिला. दोन यानं, मध्ये एक तारा, ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण आणि एकमेकांवर गोळीबार. खेळ अव्वल होता, पण संगणकाची किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. तो प्रयोगशाळेबाहेर येणार कसा? सप्टेंबर १९७१ मध्ये बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याचंच रूप असलेला ‘गॅलक्सी गेम’ ठेवला. आत खराखुरा पीडीपी-११ संगणक, बाहेर नाणं टाकायची फट आणि एका खेळाला १० सेंट. विद्यार्थ्यांनी गर्दी केली, पण एवढ्या महागड्या यंत्राचा खर्च दहा-दहा सेंटांनी भरून निघणं अवघडच होतं.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी संगणक वगळला आणि फक्त एकच खेळ खेळवणारं लॉजिक सर्किट बनवलं. नटिंग असोसिएट्स कंपनीनं बाजारात आणलेल्या या ‘कंप्युटर स्पेस’ची फायबर ग्लासची गोलाईदार पेटी आजही डोळ्यांत भरते. पण त्याच्या सूचना वाचता वाचता बारमधल्या माणसाचा ग्लास रिकामा व्हायचा. तेव्हा पुढच्या वर्षी बुशनेलच्या नव्या अटारी कंपनीत अ‍ॅल अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरनं जो ‘पाँग’ बनवला, त्याचा नियम एका ओळीत मावत होता: चेंडू चुकवू नका, गुण वाढतील. बुशनेलनं हे काम अल्कॉर्नला खरं तर हात बसावा म्हणून दिलं होतं आणि जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट आहे अशी थाप मारली होती. नमुना सनीव्हेलमधल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये बसवला. काही दिवसांत तो बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्ननं पेटी उघडली तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरलेला.

ही गोष्ट आर्केडच्या प्रत्येक इतिहासात असते. मला तिच्याहून मोलाची वाटते ती पाँगच्या सर्किटमधली एक उणीव. चेंडू टोलवायची फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोहोचत नसे, वर थोडी जागा मोकळी राहायची. अल्कॉर्नला ते दुरुस्त करता आलं असतं. त्यानं केलं नाही, कारण त्या फटीतून कधी ना कधी चेंडू निसटणार आणि दोन निष्णात खेळाडूंचा डावही संपणार. डाव लांबला की चेंडूचा वेगही वाढायचा. खेळ संपलाच पाहिजे, हा आर्केडचा पहिला कायदा असा एका न बुजवलेल्या फटीतून आला. बारमालकाच्या गल्ल्यासाठी तो गरजेचा होताच. पण त्यातून खेळाला घाट आला. प्रत्येक डावाला सुरुवात, चढण आणि पडझड मिळाली, आणि तीही काही मिनिटांत.

या कायद्याला खरा जीव दिला तो जपाननं. १९७८ मध्ये टाइटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोनं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, असे ५५ परग्रहवासी पावलापावलानं खाली उतरतात. तुमच्याकडे एक तोफ आणि आडोशाला चार ढाली. आतला इंटेल ८०८० प्रोसेसर आजच्या मानानं फारच मंद. दर क्षणचित्राला, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, तो एकाच आक्रमकाला पुढे सरकवू शके. सगळे ५५ असताना त्यांचं एक पाऊल पुरं व्हायला जवळपास सेकंद लागायचा. जसजसे तुम्ही त्यांना टिपत जाल तसतसं उरलेल्यांचं पाऊल झपाझप पडायचं आणि शेवटचा एकटा तर पडद्यावर सैरावैरा धावत सुटायचा. निशिकादोला ही यंत्राची मर्यादा दिसली आणि ती त्यानं तशीच ठेवली. तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितकं संकट वेगानं जवळ येईल, हा नियम कुणी बसून शोधून काढला नव्हता, तो प्रोसेसरच्या दमछाकीतून आला. जोडीला चार उतरत्या खर्जातल्या सुरांचा ठेका. आक्रमकांची गती वाढली की ठेकाही वाढायचा आणि खेळणाऱ्याची छाती त्याच्याबरोबर धडधडायची. मूळ यंत्राचा पडदा काळा-पांढरा होता, रंग आले ते काचेवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे.

दोन वर्षांनी, १९८० मध्ये, नामको कंपनीच्या तोरू इवातानीनं वेगळाच विचार केला. जपानमधली गेम सेंटरं तेव्हा मारधाडीच्या खेळांनी भरलेली, अंधारी आणि पुरुषी होती. तिथे मुलींनी यावं, जोडप्यांनी यावं म्हणून त्यानं खाण्याभोवती खेळ रचला. पिवळा गोल, चक्रव्यूह, २४० ठिपके, शक्ती देणारे चार मोठे ठिपके आणि चार भुतं. जपानमध्ये नाव ‘पक मॅन’ होतं, अमेरिकेत ते ‘पॅक-मॅन’ झालं. पेटीवरच्या एका अक्षराशी कुणी खोडसाळपणा केला तर भलताच शब्द होईल, ही तिथली धास्ती.

भुतांच्या स्वभावांवर या पुस्तकात एक अख्खा लेख आहे, तो सावकाश वाचावा. तांबडं भूत थेट पाठलाग करतं. गुलाबी तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे नेम धरून वाट अडवतं. निळं तुमची आणि तांबड्याची जागा मिळून आपलं लक्ष्य ठरवतं. नारिंगी लांबून धावत येतं आणि जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. मधूनमधून चौघंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात, खेळणाऱ्याला दम घेऊ देतात आणि पुन्हा तुटून पडतात. कुणी समोर बसून ही भुतं चालवत आहे असं वाटावं इतकी ती जिवंत भासतात. खरं तर प्रत्येकाच्या मागे एकेक साधा नियम आहे. नियम ठरलेले असल्यानं त्याच वळणांनी गेलं की भुतंही त्याच वळणांनी येत. हे उमगलेल्यांनी वाटा पाठ केल्या आणि वहीत उतरवल्या. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातला नामांकित खेळाडू केन अस्टन यानं तर पॅक-मॅनवर पुस्तक लिहिलं. पत्ते मोजणाऱ्या माणसाला या खेळाची ओढ वाटावी, यात नवल नव्हतं.

पाठ करूनही खेळ जिंकता येत नव्हता, आणि इथे यंत्राचीच परीक्षा झाली. पॅक-मॅनमध्ये पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे मोजता येत नाही. इतकं कुणी टिकेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि चिन्हांच्या कचऱ्यानं भरतो आणि ती पातळी पुरी होऊच शकत नाही. ‘डाँकी काँग’मध्ये असाच प्रकार २२ व्या पातळीवर होतो. वेळेचा हिशेब २६० वर जातो, बाइट उतू जाऊन ४ उरतात आणि गडी काही सेकंदांतच मरतो. हा खेळ शिगेरू मियामोतोनं १९८१ मध्ये केला तोही एका अपयशातून. अमेरिकेत न खपलेल्या ‘रडार स्कोप’च्या पेट्यांत घालायला निन्टेन्डोला नवा खेळ हवा होता. त्यातला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखला गेला. सांगायचं ते असं, की या खेळांत तुमचा हात थकायचा किंवा यंत्राची मोजणी संपायची. विजयाची पाटी कुठेच नव्हती.

हार हाच विषय करून टाकणारा खेळही याच वर्षांत आला. अटारीच्या डेव्ह थ्यूररनं १९८० मध्ये ‘मिसाइल कमांड’ केला. आकाशातून क्षेपणास्त्रं येतात, खाली सहा शहरं, तुम्ही वाचवाल तितकी वाचवायची. शीतयुद्धाच्या ऐन भरातला तो काळ. खेळ रचताना थ्यूररला अणुस्फोटांची दुःस्वप्नं पडायची. शेवटचं शहर पडल्यावर इतर यंत्रांवर येणारं ‘गेम ओव्हर’ तिथे यायचं नाही. पडदाभर स्फोट पसरायचा आणि त्यात दोनच शब्द दिसायचे: ‘द एंड’.

हरायचंच आहे, तर मग लोक का खेळत? कारण हरण्याचीही प्रत असते आणि ती पाहणारे मागे उभे असतात. अमेरिकेत यंत्राच्या काचेखालच्या कडेवर आपलं नाणं ठेवून दिलं की नंबर लागला. तिथून पुढे आपली पाळी येईपर्यंत समोरच्याचा खेळ पाहायचा, त्याची चाल उचलायची, त्याच्या चुकीवर मनात हसायचं. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’नं नावासाठी तीन अक्षरं दिली. एड लॉग आणि लाइल रेन्स यांच्या या खेळानं गुणांच्या यादीत आपली आद्याक्षरं कोरायची सवय घरोघरच्या पोरांना लावली. मजा अशी, की बऱ्याच यंत्रांत रात्री वीज बंद केली की यादी पुसली जाई. काल रात्री पहिल्या नंबरावर असलेला मुलगा सकाळी कुणीच नसायचा. नाव टिकवायचं तर पुन्हा नाणं. आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या छोट्या गावी वॉल्टर डे यानं नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ नावाचं आर्केड काढलं आणि पुढच्या वर्षीपासून देशभरचे उच्चांक नोंदवायला घेतले. पुसल्या जाणाऱ्या यादीला त्यानं खातेवही दिली. याच काळात इंग्लंडचा कादंबरीकार मार्टिन एमिस यानं ‘इन्व्हेजन ऑफ द स्पेस इन्व्हेडर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रस्तावना लिहिली स्टीव्हन स्पीलबर्ग यानं. म्हणजे व्हिडिओ गेमच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याची परंपरा निदान १९८२ पासूनची आहे. त्या रांगेत उभं राहायला मला संकोच वाटतो, पण आनंद जास्त होतो.

आठवणींचा एक दोष असा, की त्या आपल्यापुरत्या साफसूफ करून घेतल्या जातात. या पुस्तकानं तो टाळायचा प्रयत्न केला आहे. आर्केड हा धंदा होता आणि त्याची गणितं निर्दय होती. अवघडपणाची पट्टी मालकाला पेटीच्या आतल्या छोट्या स्विचांनी वरखाली करता येई. एखादा खेळ आज कठीण का वाटतो, याचं उत्तर कधी कधी कलेत नसून त्या स्विचात असायचं. ही ठिकाणं मुलांनी भरलेली असत, मुली कमीच. इवातानीचा पॅक-मॅन किंवा अटारीत डोना बेली यांनी एड लॉगबरोबर केलेला ‘सेंटिपीड’ यांनी चित्र थोडं बदललं, पुरतं नाही. पालकांचा आणि सरकारांचा रोषही खराच. फिलिपिन्समध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी १९८१ मध्ये व्हिडिओ गेमवर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्शफिल्ड गावानं १९८२ मध्ये नाण्यावर चालणाऱ्या या यंत्रांना मनाई केली आणि ती २०१४ पर्यंत उठली नाही. त्या लोकांना हसणं सोपं आहे. पण शाळा बुडवून नाण्यांमागे नाणी घालवणारी पोरं त्यांना दिसत होती, हेही तितकंच खरं.

आता मराठी वाचकाकडे येतो, कारण त्याची आठवण या पुस्तकाच्या काळाशी पुरती जुळत नाही. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या गल्ल्यांतली व्हिडिओ गेम पार्लर बहरली ती नव्वदच्या दशकात. तिथला राजा होता ‘मुस्तफा’. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. तो मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकी चित्रकथांवर बेतलेला. पण आपल्या पोरांनी त्यातल्या मुस्तफा कैरो या एका पात्रावरून अख्ख्या खेळाचं बारसं केलं. अशी आठवण असलेल्या वाचकाला पाँग किंवा मिसाइल कमांड आजोबांच्या पिढीतले वाटतील.

दरम्यान नाण्याचा करारही बदलला होता. १९८५ च्या ‘गाँटलेट’मध्ये गड्याची ताकद सतत घटत जाई आणि नवं नाणं टाकलं की वाढे. हा खेळ अ‍ॅस्टेरॉइड्सवाल्या एड लॉगचाच. पुढे ‘कंटिन्यू’ची सोय रूढ झाली. मेल्यावर दहा आकडे उलटे मोजले जात, तेवढ्यात नाणं टाकलं की होतो तिथून पुढे. खेळाला शेवट मिळाला, पण तो पैसे ओतून गाठता येऊ लागला. आपल्या पार्लरांत मात्र एक गंमत झाली. खिशात एक-दोन कॉइनचेच पैसे असलेल्या मुलाला कंटिन्यू परवडत नसे. त्यामुळे ‘एका कॉइनमध्ये गेम संपवला’ ही इथली सर्वांत मोठी फुशारकी ठरली. तसं करणाऱ्या दादाच्या मागे घोळका जमायचा, कुणी बॉसचे डाव सांगायचा, कुणी शेवटच्या लाइफवर श्वास रोखायचा. खिसा रिकामा असल्यामुळे सत्तरच्या दशकातला मूळ करार इथे नकळत पुन्हा लागू झाला. म्हणून मुस्तफावाल्यांनाही हे पुस्तक परकं वाटू नये. यंत्रं वेगळी होती, भीती तीच.

ही यंत्रं आता झपाट्यानं संपत आहेत. प्रोग्रॅम ज्या चिपांत साठवला, त्यांतला विद्युतभार वर्षांनुवर्षांत झिरपत जातो. काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूब बनणं जवळपास थांबलं आहे. अ‍ॅस्टेरॉइड्सचा पडदा टीव्हीसारखा ओळीओळींनी भरत नसे, इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेघा काढायचा. त्यामुळे त्यातली गोळी काळ्या काचेवर ठिणगीसारखी पेटायची. आजच्या सपाट पडद्यावर तिचा नुसता पांढरा ठिपका होतो. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यानं ‘मेम’ हा प्रोग्रॅम सुरू केला. जुन्या बोर्डांचं वागणं हुबेहूब नकलणारा. तो नसता तर या पुस्तकातले निम्मे खेळ लेखकांना पाहायलाही मिळाले नसते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये पॅक-मॅन आणि पुढच्या वर्षी पाँग, स्पेस इन्व्हेडर्स, अ‍ॅस्टेरॉइड्स आपल्या संग्रहात घेतले. तिथे प्रदर्शनात खेळ मांडले ते पेटीविना. भिंतीत पडदा आणि पुढे नियंत्रणं, एवढंच. रचना म्हणून खेळ पाहावा, आठवणींच्या धुक्यातून नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण पेटीबरोबर नाण्याची फट गेली आणि नाण्याबरोबर धोका गेला. रचनेचा अर्धा अर्थ त्या धोक्यात होता.

पुस्तकाची प्रकरणं काळाच्या क्रमानं लावली आहेत, तरी तसंच वाचलं पाहिजे असं नाही. तंत्रात रस असलेल्यांनी स्पेस इन्व्हेडर्सच्या प्रोसेसरपासून सुरुवात करावी. माणसांत रस असलेल्यांनी ऑटम्वाच्या गोष्टीपासून. घरगुती कन्सोल इथे मुद्दाम वगळले आहेत. त्यांत पैसे एकदाच मोजायचे असल्यानं त्यांचा हिशेब निराळा, त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हावं.

एक विनंती मात्र सगळ्यांना आहे. प्रत्येक प्रकरणाबरोबर तो खेळ एकदा खेळून पाहा. मेममध्ये कीबोर्डवरची ५ ची कळ दाबली की नाणं पडल्याचं धरलं जातं, १ दाबली की डाव सुरू होतो. ती ५ ची कळ शंभरदा दाबायची मुभा तुम्हाला आहे आणि सगळा घोटाळा त्या मुभेतच आहे. तेव्हा ती एकदाच दाबा. जमलं तर कुणाला तरी मागे उभं करा, शक्यतो बोलघेवडा माणूस असावा. उभ्यानं खेळा. हरलात की कळेला हात न लावता पुढच्याला जागा द्या आणि आपली पाळी येईपर्यंत त्याचा खेळ बघा. मग प्रकरण वाचायला घ्या. लेखकांनी काय लिहिलं आहे, ते तुमच्या हातांना आधीच कळलेलं असेल.